स्पेनच्या किनाऱ्यावर घर घेताना: आधी काय, नंतर काय

चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. घर आवडतं, गच्चीतून समुद्र दिसतो, एजंट सांगतो की उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय, आणि तीन ते सहा हजार युरो बुकिंग म्हणून हातातून जातात. वकील, एनआयई नंबर (परदेशी व्यक्तीचा स्पॅनिश ओळख क्रमांक) आणि भारतातून पैसे पाठवायची परवानगी यांची शोधाशोध त्यानंतर सुरू होते. खरं तर ही सगळी कामं बुकिंगच्या आधीची आहेत. हा लेख त्याच क्रमासाठी आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरलंय. मालागाच्या पूर्वेचं नेर्खा हे किनाऱ्यावरचं गाव, तिथला दोन लाख युरोचा जुना म्हणजे पुनर्विक्रीचा फ्लॅट, आणि भारतीय पासपोर्ट असलेलं जोडपं. नेर्खा आंदालुसिया या स्वायत्त प्रदेशात येतं. स्पेनमध्ये खरेदीवरचा कर प्रत्येक स्वायत्त प्रदेश स्वतः ठरवतो, त्यामुळे आलिकान्ते किंवा बार्सेलोनाकडे घर पाहत असाल तर दर वेगळे असतील. पायऱ्यांचा क्रम मात्र सगळीकडे हाच.

## १. घर आणि व्हिसा या दोन गोष्टी वेगळ्या करा

पाच लाख युरोचं घर घेऊन निवासाचा परवाना मिळवायची सोय, म्हणजे गोल्डन व्हिसा, ३ एप्रिल २०२५ पासून बंद आहे. अजूनही काही एजंट ‘घर घ्या, पुढचं बघू’ असं सांगतात. पुढे बघण्यासारखं त्यात काही नाही. घर तुमच्या नावावर असलं तरी शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसच राहता येतं, आणि तो व्हिसासुद्धा वेगळा काढावा लागतो.

कायम राहायचं असेल तर दोन वाटा जास्त वापरात आहेत. निवृत्तांसाठी बिगर-कमाई व्हिसा. त्यात अर्जदाराला इप्रेम या सरकारी निर्देशांकाच्या चौपट उत्पन्न किंवा शिल्लक दाखवावी लागते. इप्रेम २०२३ पासून महिना ६०० युरो आहे, म्हणजे वर्षाला २८,८०० युरो, आणि सोबतच्या प्रत्येक माणसामागे आणखी ७,२००. शिवाय खिशातून काही भरावं न लागणारा संपूर्ण आरोग्य विमा, आणि ॲपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन, केलेला पोलीस दाखला. या व्हिसावर काम करता येत नाही. पुण्यातल्या कंपनीचं काम नेर्ख्यातून लॅपटॉपवर करणंही काम करणंच ठरतं. नोकरी चालू ठेवायची असेल तर डिजिटल नोमॅड व्हिसाची वेगळी वाट आहे.

तपासा: वर्षातून किती महिने राहणार, हे घरातल्या सगळ्यांनी मिळून आत्ताच ठरवा. १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात तर स्पेन तुम्हाला कर-निवासी मानतं आणि जगभरच्या उत्पन्नावर तिथे हिशेब द्यावा लागतो. याचा परिणाम आठव्या टप्प्यात पाहू.

## २. पैशाचा हिशेब रुपयांत, भारतातच करा

घराच्या किमतीवर खर्च धरायचा तो असा. आंदालुसियात जुन्या घरावर आयटीपी हा हस्तांतरण कर ७ टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात १४,००० युरो. वकिलाची फी साधारण १ टक्का आणि तिच्यावर २१ टक्के आयव्हीए, म्हणजे तिथला व्हॅट. नोटरी, नोंदणी, भाषांतरं, किरकोळ मिळून उरलेलं. एकूण १० टक्के धरले की अडचण येत नाही. (बिल्डरकडून नवं घर घेतलंत तर आयटीपीऐवजी १० टक्के आयव्हीए आणि १.२ टक्के मुद्रांक कर लागतो.)

म्हणजे लागणार २,२०,००० युरो. युरो १.१५ डॉलर धरला तर २,५३,००० डॉलर. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एलआरएसखाली, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली, एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरच पाठवता येतात. दोन लाखांचं घर मर्यादेत बसेल असं वाटतं, आणि नेमका कराचा भाग बाहेर राहतो. यावर उपाय दोन. पती-पत्नी दोघांनी आपापल्या खात्यातून पाठवायचं आणि दोघांचीही नावं खरेदीखतात घालायची. नाहीतर व्यवहार असा आखायचा की इसार ३१ मार्चपर्यंत आणि उरलेली रक्कम १ एप्रिलपासून पुढे जाईल.

आता टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ वसूल करते तो आयकर. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर जाणाऱ्या अशा रकमेवर बँक २० टक्के कापते. युरो १०० रुपये धरला तर २.२० कोटी रुपये पाठवायचे. एकाच्याच नावाने दोन आर्थिक वर्षांत विभागून पाठवले तर एकूण ४० लाख टीसीएस, दोघांनी एकाच वर्षात अर्धे-अर्धे पाठवले तर प्रत्येकी २० लाख. ही रक्कम बुडत नाही, विवरणपत्रात वळती होते किंवा परत मिळते. पण तोपर्यंत ती अडकलेली असते आणि खरेदीच्या दिवशी हाताशी नसते. अनेकांचं गणित इथेच कोलमडतं. नोकरदारांनी टीसीएसची माहिती कंपनीला दिली तर पगारातला टीडीएस तेवढा कमी होऊ शकतो.

स्पॅनिश बँका परदेशात राहणाऱ्यांना साधारण ६० ते ७० टक्क्यांपर्यंत कर्ज देतात. आखातात किंवा युरोपात नोकरी करणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. भारतात राहणाऱ्यांनी मात्र असं कर्ज फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमांत बसतं का, हे आपल्या सीएकडून लेखी घेतल्याशिवाय ते हिशेबात धरू नये.

सावधान: ‘थोडे रोख, थोडे चेकने’ ही सवय इथेच सोडा. कुठली रक्कम कुठल्या खात्यातून कशी दिली हे नोटरी खरेदीखतात लिहितो. ते नीट नसेल तर नोंदणी अडते. शिवाय विक्रेत्याचा नफा झाकायला तुम्ही किंमत कमी दाखवलीत, तर पुढे विकताना तो नफा तुमच्या माथी येतो.

## ३. एनआयई, वकील आणि मुखत्यारपत्र

एनआयई म्हणजे परदेशी व्यक्तीचा ओळख क्रमांक. त्याच्याशिवाय खरेदीखत पुढे सरकत नाही, करही भरता येत नाही. ईएक्स-१५ हा अर्ज आणि ठरलेलं शुल्क भरून तो मुंबईतल्या स्पॅनिश वकिलातीतून किंवा स्पेनमधल्या राष्ट्रीय पोलीस कार्यालयातून मिळतो. मालागाकडे पोलिसांची वेळ मिळायला अनेकदा बराच उशीर लागतो, म्हणून निघण्याआधीच काढलेला बरा. घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांचेही वेगळे क्रमांक लागतात. एनआयई हा राहण्याचा परवाना नव्हे.

वकील तुमचा हवा. एजंटने सुचवलेला नको, बिल्डरचा नको, विक्रेत्याचंही काम पाहणारा तर नकोच. तो मालागाच्या वकील संघटनेचा सदस्य आहे ना, तुमच्याशी इंग्रजीत लेखी पत्रव्यवहार करतो ना, आणि फीमध्ये काय येतं, हे पहिल्याच ईमेलमध्ये विचारा. नोटरी आहे मग वकील कशाला, असं बरेच जण म्हणतात. स्पेनमधला नोटरी सरकारी अधिकारी असतो आणि त्याचं काम मोठं आहे. पण तो दोन्ही बाजूंना सारखाच असतो. गच्चीवरची खोली परवानगीशिवाय बांधली आहे का, हे तुमच्यासाठी शोधत बसणं त्याचं काम नाही.

वारंवार प्रवास करायचा नसेल तर वकिलाला मुखत्यारपत्र द्या. भारतात नोटरीपुढे केलेल्या कागदाला आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा ॲपोस्टिल, आणि त्यानंतर स्पॅनिश शपथबद्ध भाषांतर लागतं. वकिलातीत थेट स्पॅनिशमध्ये मुखत्यारपत्र करता आलं तर या तीनही पायऱ्या वाचतात.

तपासा: मुखत्यारपत्रात फक्त खरेदी, कर आणि नोंदणी यांचेच अधिकार आहेत ना? विकण्याचा आणि कर्ज काढण्याचा अधिकार त्यात नकळत जाऊ देऊ नका.

## ४. घर पाहायला जानेवारीत जा

ऑगस्टमध्ये नेर्ख्याचं प्रत्येक घर छान दिसतं. जानेवारीत गेलात तर घराची खरी ओळख होते. बाहेर ऊन आणि आत गारठा, कारण फरशी संगमरवरी, खिडक्या एकेरी काचेच्या आणि घरभर हीटिंग नाही. उत्तरेकडे तोंड असलेल्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कपाटाचं दार उघडा आणि मागच्या भिंतीला हात लावा. ओल लागली, बुरशीचा वास आला, तर ताजा रंग का दिलाय हे आपोआप कळतं. कोकणात राहिलेल्या माणसाला हा वास सांगावा लागत नाही.

उतार चालून पहा. बुर्रियाना किनाऱ्याकडे उतरताना मजा येते, पण भाजीच्या पिशव्या घेऊन वर येणं सत्तरीत वेगळं असतं. गावाला रेल्वे नाही, मालागाला जायला बस किंवा गाडी. हिवाळ्यात कोणती दुकानं आणि दवाखाने उघडे असतात ते चालत फिरून पाहा. पाण्याचंही विचारा. नेर्खा ज्यात येतं तो अक्सार्किया हा आंबा आणि ॲव्होकाडो पिकवणारा भाग आहे, आणि दुष्काळाच्या वर्षांत विन्युएला धरण आटलं की बागायतीपासून जलतरण तलावांपर्यंत सगळ्यांवर निर्बंध येतात.

क्षेत्रफळ विचारताना ‘बांधीव’ की ‘वापराचं’ हे स्पष्ट करून घ्या. जाहिरातीत बहुधा बांधीव आकडा असतो, त्यात भिंती आणि कधी सामायिक जागेचा वाटाही धरलेला असतो. कार्पेट आणि सुपर बिल्ट-अपचा घोळ तिथेही आहे.

## ५. कागद: इथे घाई नको

घर पसंत पडलं तरी अजून पैसे द्यायचे नाहीत. आधी हे सगळं वकिलाच्या हातात पडलं पाहिजे.

नोता सिंप्ले. मालमत्ता नोंदणी कार्यालयाचा उतारा. मालक कोण, बोजा, गहाण, जप्ती आहे का, हे त्यात असतं. ऑनलाइन थोडक्या युरोत मिळतो. विक्रेत्याने दिलेली जुनी प्रत चालवून घेऊ नका, ताजी काढा. खरेदीखताच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा पाहिली जाते, कारण मधल्या काळात नवी जप्ती चढू शकते.

कातास्त्रोशी ताळमेळ. कातास्त्रो हे कर आकारणीसाठीचं मोजणी खातं. नोंदणीत ७० चौरस मीटर आणि कातास्त्रोत ८५ असेल तर मधले १५ कुठून आले? अनेकदा उत्तर बंद केलेल्या गच्चीत सापडतं. त्या बांधकामाला परवानगी नसेल तर दंड किंवा पाडापाडीचा धोका नव्या मालकाकडे येतो.

संदर्भ मूल्य. २०२२ पासून कातास्त्रो प्रत्येक घराचं संदर्भ मूल्य ठरवतं. आयटीपी तुमची किंमत आणि हे मूल्य, यांतल्या जास्त रकमेवर लागतो. दोन लाखांच्या घराचं मूल्य २,२०,००० निघालं तर कर १५,४०० युरो. हे आधी पाहिलं नाही तर महिन्यांनंतर वाढीव कराची नोटीस घरी येते.

कोमुनिदादचा दाखला. कोमुनिदाद म्हणजे इमारतीची सोसायटी. चालू वर्षाची आणि मागच्या तीन वर्षांची थकबाकी घराला चिकटते, म्हणजे तुम्हाला भरावी लागते. थकबाकी नसल्याचा सचिवाचा दाखला तर घ्याच, पण त्याहून मोलाची असतात मागच्या दोन-तीन सभांची इतिवृत्तं. लिफ्ट बदलायचा, दर्शनी भिंत दुरुस्त करायचा ठराव झाला असेल तर देर्रामा नावाची एकरकमी वर्गणी येऊ घातलेली असते. ती कोण भरणार, हे इसारपत्रात लिहून घ्या.

किनारा कायदा. १९८८ च्या कायद्याने समुद्राकाठची सार्वजनिक पट्टी आखलेली आहे, आणि तिच्यापासून जमिनीच्या बाजूला शंभर मीटरपर्यंत संरक्षण क्षेत्र आहे. आधीपासून शहरी असलेल्या भागात ते वीस मीटर. पहिल्या रांगेतलं घर या रेषेत येत असेल तर दुरुस्ती, वाढीव बांधकाम, कधी मालकी हक्कसुद्धा मर्यादित असतो. ही आखणी पर्यावरण मंत्रालयाच्या नकाशावर ऑनलाइन पाहता येते. समुद्र जितका जवळ, तितका हा कागद महत्त्वाचा.

डोंगरातलं घर. गावामागच्या टेकड्यांवर बाग आणि तलाव असलेलं घर त्याच किमतीत मिळतं आणि मन तिकडे ओढतं. अक्सार्कियात अशी असंख्य घरं शेतजमिनीवर परवानगीशिवाय उभी आहेत. काहींकडे एएफओ दाखला असतो. तो असला की घर पाडलं जाण्याची भीती साधारण टळते आणि वीज-पाण्याची जोडणी मिळू शकते, पण घर पूर्ण कायदेशीर होत नाही आणि वाढवताही येत नाही. दाखला नसलेलं घर घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत आहे. ‘सगळ्यांची अशीच आहेत’ हे उत्तर ऐकून तर नक्कीच नको.

याशिवाय वापर परवाना, ऊर्जा प्रमाणपत्र, इबी या घरपट्टीच्या पावत्या आणि वीज-पाण्याची ताजी बिलं. लष्करी दृष्टीने राखीव असलेल्या भागात, उदाहरणार्थ कार्ताहेना किंवा जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीजवळ, शहराबाहेरची जमीन घ्यायला युरोपबाहेरच्यांना वेगळी लष्करी परवानगी लागते.

सावधान: ‘पर्यटकांना भाड्याने देऊन हप्ते निघतील’ या भरवशावर घेणार असाल तर थांबा. ३ एप्रिल २०२५ पासून इमारतीत नवं पर्यटक-भाडं सुरू करायला कोमुनिदादच्या तीन-पंचमांश मालकांची मंजुरी लागते. त्याशिवाय आंदालुसियाची नोंदणी आणि राष्ट्रीय नोंदणी क्रमांक वेगळा. इतिवृत्तात बंदीचा ठराव आधीच असू शकतो.

## ६. इसार

कागद स्वच्छ निघाले की आर्रास, म्हणजे आपलं साठेखत. प्रघात १० टक्क्यांचा, म्हणजे २०,००० युरो. यातलं एकच वाक्य नीट वाचा: इसार नागरी संहितेच्या कलम १४५४ खालचा आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं. तसं असेल तर तुम्ही माघार घेतलीत तर इसार जातो आणि विक्रेत्याने घेतली तर दुप्पट परत द्यावा लागतो. ते लिहिलेलं नसेल तर समोरचा कोर्टातून व्यवहार पूर्ण करायला भाग पाडू शकतो.

भारतीय ग्राहकाने एक अट जोडलीच पाहिजे. बँकेकडून पैसे यायला उशीर झाला तर मुदत किती वाढेल, हे ठरवून घ्या. एलआरएसचा अर्ज, मोठ्या रकमेबद्दल बँकेचे प्रश्न आणि स्पॅनिश बँकेची निधीच्या स्रोताची चौकशी यांत आठवडे सहज जातात. खरेदीखताला दोन महिन्यांपेक्षा कमी मुदत घेऊ नका. आणि इसार एजंटच्या खात्यात नको, वकिलाच्या ग्राहक-खात्यात ठेवा.

## ७. खरेदीखताचा दिवस

नोटरी निवडायचा हक्क ग्राहकाचा आहे. स्पॅनिश येत नसेल तर दुभाषी लागतो, तो आधीच ठरवा. मसुदा आदल्या दिवशी भाषांतरासकट हातात असू द्या. टेबलाशी बसल्यावर वाचन भराभर होतं. रक्कम बहुधा बँकेच्या धनादेशाने दिली जाते.

इथे एक गोष्ट चुकली तर थेट तुमच्या खिशाला भोक पडतं. नेर्ख्यात विक्रेता अनेकदा ब्रिटिश, जर्मन किंवा स्कँडिनेव्हियन असतो. तो स्पेनचा कर-निवासी नसेल, तर किमतीचे ३ टक्के तुम्ही कापून ठेवायचे आणि महिन्याच्या आत मोदेलो २११ या फॉर्मवर कर खात्यात भरायचे. आपल्या उदाहरणात विक्रेत्याला १,९४,००० आणि खात्याला ६,०००. कापले नाहीत तरी ते देणं तुमचंच राहतं. तो निवासी असल्याचं सांगत असेल तर कर खात्याचं कर-निवासाचं प्रमाणपत्र मागा, निवासी ओळखपत्र पुरत नाही.

त्याच जोडीने प्लुसवालिया, म्हणजे जमिनीच्या मूल्यवाढीवरचा नगरपालिकेचा कर. तो विक्रेत्याचा असला, तरी विक्रेता अनिवासी असेल तर पालिका वसुली तुमच्याकडून करते. त्या अंदाजाची रक्कमही रोखून ठेवायला वकिलाला सांगा.

तपासा, सही करण्याआधी: आजची नोता सिंप्ले पाहिली? ३ टक्के आणि प्लुसवालिया रोखले? कोमुनिदादचा दाखला आजच्या तारखेला लागू आहे? चाव्या टेबलावर आहेत आणि घर रिकामं आहे, हे त्याच सकाळी जाऊन पाहिलं?

## ८. त्यानंतरचे महिने

आयटीपी भरल्याशिवाय नोंदणी होत नाही, म्हणून तो वकील लगेच भरतो. नोंदणीला काही आठवडे लागतात. नोंद झालेली नवी नोता सिंप्ले हाती येईपर्यंत फाइल बंद करू नका.

वीज आणि पाणी स्वतःच्या नावावर करताना करारातली वीजक्षमता पहा. जुन्या फ्लॅटला बरेचदा ३.४५ किलोवॅट असते. कुकरखाली इंडक्शन, न्हाणीघरात गीझर आणि वर एसी चालू केला की मीटर खट्कन बंद पडतो. ४.६ किंवा ५.७५ करून घ्या. वायरिंग जुनी असेल तर त्यासाठी इलेक्ट्रिशियनचं प्रमाणपत्र लागू शकतं. ज्यांना गॅसच हवा त्यांना नारिंगी रंगाची १२.५ किलोची ब्युटेनची टाकी मिळते.

घरात राहत नसलात तरी दरवर्षी अनिवासी कर भरायचा आहे. घर रिकामं ठेवलं तरी कातास्त्रोच्या मूल्याचे १.१ किंवा २ टक्के हे काल्पनिक उत्पन्न धरतात आणि युरोपबाहेरच्यांना त्यावर २४ टक्के कर, मोदेलो २१० वर, पुढच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत. रक्कम फार नसते. पण बिल घरी येत नाही, आपणच भरायचं असतं, आणि म्हणूनच लोक वर्षानुवर्षं विसरतात. भारतात विवरणपत्र भरणाऱ्या रहिवाशाने हे घर विवरणपत्रातल्या शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवणं बंधनकारक आहे. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो.

व्हिसावर राहायला गेलात तर पहिल्या महिन्यात दोन कामं: नगरपालिकेत पाद्रोन या रहिवासी नोंदवहीत नाव आणि पोलीस कार्यालयात निवासी कार्डाचा अर्ज. भारतीय वाहन परवाना निवासी झाल्यावर सहा महिनेच चालतो, पुढे स्पॅनिश परीक्षा द्यावी लागते. गाडीवर अवलंबून असलेलं घर घेतलं असेल तर ही तयारी पहिल्याच आठवड्यात सुरू करा. कर-निवासी झालात की मोदेलो ७२०: बँक खाती, गुंतवणूक आणि स्थावर, या तिन्हींतल्या ज्या गटात स्पेनबाहेर ५०,००० युरोपेक्षा जास्त असेल, त्याची माहिती ३१ मार्चपर्यंत द्यायची. ठाण्याचा फ्लॅट, मुदत ठेवी, म्युच्युअल फंड, सगळं त्यात येतं. त्यांची कागदपत्रं भारतातून निघतानाच एका फोल्डरमध्ये सोबत न्या.